सेमिलिरची शिट्टी

पार्जोनोला चटकन राग यायचा नाही, आणि हीच तर सगळी गोम होती. चटकन राग येणारी माणसं बरी. दोन शिव्या देतात, ताट आपटतात, मोकळी होतात. पार्जोनोचा राग तसा नव्हता. तो हळूहळू यायचा, आला की आत जाऊन बसायचा, आणि मग त्याला बाहेर काढायला घरातल्या कुणाच्या बापाची टाप नव्हती.

जावा बेटावरच्या सोलो शहरात, सेरेंगानच्या गल्ल्यांत, बॅडमिंटनची फुलं बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. त्यातल्या एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये पार्जोनो बदकांची पिसं निवडायला बसायचा. डाव्या पंखाची पिसं एका टोपलीत, उजव्या पंखाची दुसऱ्या टोपलीत. एका फुलात दोन्ही मिसळली की फूल हवेत भेलकांडतं, आणि मग निवडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. उद्धार करायला होता मुकादम बास्कोरो. त्याच्या गळ्यात लाल दोरीला पितळी शिट्टी. काम सुरू, शिट्टी. चहा संपला, शिट्टी. कुणी शेजारणीशी दोन शब्द बोलली, शिट्टी. कुणी मान मोडून जरा छताकडे बघितलं की फुर्रर्र! एक लांब, कानाच्या पडद्यातून सुई ओवल्यासारखी शिट्टी, आणि साठेक माणसांच्या माना एकदम खाली. शिव्या परवडल्या, पार्जोनो म्हणायचा. शिवीला निदान माणसाचा आवाज असतो.

म्हणून त्याला रविवार हवा असायचा.

रविवारी उजाडताना तो ओट्यावर बसायचा. मांडी घालून, लुंगी गुडघ्यापर्यंत ओढून, शेजारी गाळासकट काळी कॉफी. वर आढ्याला पिंजरा, आणि पिंजऱ्यात सेमिलिर. सेमिलिर म्हणजे भाताच्या शेतावरून येणारी मंद झुळूक. हा पक्षी होता शामा. काळं डोकं, विटकरी पोट आणि शेपटी अशी लांब की पिंजऱ्यात वळताना त्याला दोनदा विचार करावा लागायचा. रातकिडे आणि मुंग्यांची अंडी विकणाऱ्या किस्वांतोकडून पार्जोनोने तो अंगावर धड पिसं नसताना आणला होता आणि बोटाने भरवून वाढवला होता. सेमिलिरचं गाणं या गल्लीनेच घडवलं होतं. विहिरीच्या रहाटाची कुरकुर त्यात होती, समोरच्या घरातल्या कॅनरीची लकेर होती, पेरूच्या झाडावरच्या शिंपी पक्ष्याची टिवटिव होती. तो गायला लागला की पार्जोनोचे खांदे कानांपासून खाली यायचे. खरंच यायचे, त्याची बायको मुर्तिनी बघत असायची.

"आठवडाभर तुम्हाला मान नसते," ती म्हणायची. "रविवारी कुठून येते कोण जाणे."

"आज शिट्टी नाही ना," तो म्हणायचा, आणि कॉफी अगदी गाळ लागेपर्यंत प्यायचा. कुणाची घाई नाही, कुणाची भीती नाही. एवढंच त्याला हवं होतं. फार होतं का हो ते?

तर झालं असं. गल्लीत एक लग्न होतं, आणि बास्कोरो आमंत्रणावरून आला होता. जेवून, दात कोरत, परत जाताना तो पार्जोनोच्या ओट्यापाशी थबकला. वर सेमिलिर भरात आला होता.

"वा! जोन, हा तुझा?" मुकादम म्हणाला. पार्जोनोला तो जोनच म्हणायचा, पूर्ण नाव घ्यायला जीभ दुखत असावी. "काय गळा आहे रे! असा एक पक्षी मला कधीचा हवा होता."

आता आपल्या इथली रीत आहे. वरचढ माणसाने घरातल्या वस्तूची तारीफ केली की मान झुकवून म्हणायचं, आवडलं असेल तर घेऊन जा ना, पाक. पाक म्हणजे साहेब. आणि समोरच्याने म्हणायचं, छे छे, तुझ्याकडेच शोभतं. मग पुन्हा आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, मग कॉफी येते, कॉफीबरोबर तळलेली केळी येतात आणि विषय संपतो. या गल्लीत लोक सायकली देऊन बसलेत, म्हशी देऊन बसलेत, एकाने तर नवं छप्पर देऊ केलं होतं. कुणी कधी काही नेलं नाही. तीन वर्षांच्या पोराला विचारा, ते सांगेल.

पार्जोनोने मान झुकवली. "आवडला असेल तर घेऊन जा ना, पाक."

"असं म्हणतोस?" बास्कोरोने दातकोरणी फेकली. "बरं."

आणि हात वर करून त्याने पिंजरा काढला.

मुर्तिनी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. पार्जोनो तरी काय बोलणार? स्वतःच्याच तोंडाने दिलेला पक्षी. परत द्या म्हणायला तोंड असतं कुणाला? बास्कोरो जर परमुलखातला असता, जकार्ताचा असता, तर म्हणता आलं असतं की बिचाऱ्याला रीत ठाऊक नाही. पण हा मेला दोन गल्ल्या पलीकडे जन्मला होता! त्याला सगळं ठाऊक होतं. पिंजरा घेऊन वळताना तो गालात हसला, ते पार्जोनोने बघितलं. सेमिलिर घाबरून दांडीवरून दांडीवर उड्या मारत होता आणि त्याची लांब शेपटी सळयांना घासत होती.

त्या दिवशी पार्जोनोचा राग आत जाऊन बसला, तो बसलाच. रात्री तो जेवला नाही. मुर्तिनी म्हणाली, "जाऊ दे, दुसरा आणू." तेव्हा त्याने तिच्याकडे असं बघितलं की ती ताट झाकून उठली.

पण एवढ्यावर भागलं असतं तर तो मुकादम कसला! आठवड्याभरातच शेडमध्ये शिट्टी झाली आणि बोट पार्जोनोकडे.

"जोन, तुझा पक्षी गात नाही रे. नुसता फुगून बसतो."

"जागा नवी आहे, पाक. त्याला हाताची सवय असते."

"मग येत जा की तू. रोज सकाळी, कामावर यायच्या आधी. अंघोळ घाल, किडे घाल, बघ काय ते. मैदानातल्या गाण्याच्या स्पर्धेत उतरवायचाय मला तो. रविवारीही ये हं, त्याला काय सुट्टी असते?"

झालं! जो पक्षी बघून तो मुकादमाला विसरायचा, तो पक्षी आता मुकादमाच्या घरी, मुकादमाच्या हुकमाने, बिनपगारी. कामापासून पळायची जी एक वाट होती तिच्यावरच याने काम आणून बसवलं. पार्जोनो मूग गिळून सकाळी सकाळी जायला लागला. बास्कोरोच्या मागच्या पडवीत तो सेमिलिरवर पाणी शिंपडायचा, रातकिड्यांचे पाय मोडून एकेक भरवायचा. आत मुकादम घोरत असायचा. सेमिलिर त्याला ओळखून पंख थरथरवायचा, गळ्यात गुरगुरायचा, आणि पार्जोनोचा जीव कासावीस व्हायचा. मग कामाला पळायचं. तिथे तोच घोरणारा गळा शिट्टी फुंकायला हजर.

मग सेमिलिरची पिसं गळायला लागली.

शामा पाळणाऱ्याला हा काळ म्हणजे घरातल्या बाळंतपणासारखा. पक्षी गात नाही, उडत नाही. पिंजऱ्यावर गवसणी घालून त्याला अंधारात शांत ठेवायचं. पण कान उघडे असतात. या दिवसांत जे ऐकेल ते नव्या पिसांबरोबर त्याच्या गळ्यात उगवतं, आणि एकदा उगवलं की मरेपर्यंत जात नाही. म्हणून शहाणी माणसं या दिवसांत दुसरे गाणारे पक्षी आणून शेजारी टांगतात. घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी ओरडतात. कोंबडीची पिल्लं तर अंगणातूनही हाकलतात, कारण पिल्लाची चीं चीं गळ्यात बसली की तो पक्षी संपला. बास्कोरोला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला फक्त पक्षी मालकीचा हवा होता.

"आजारी आहे का रे तो?" त्याने शेडमध्ये विचारलं.

"नाही, पाक. पिसं बदलतोय. तुम्ही गवसणी काढू नका, जवळही जाऊ नका. मी बघतो."

"बघ बाबा. जिंकायला पाहिजे."

"नाव गाजेल तुमचं," पार्जोनो म्हणाला, आणि खाली मान घालून पिसं निवडत राहिला. त्याच क्षणी ते त्याला सुचलं. डाव्या टोपलीतलं पीस त्याने उजव्या टोपलीत टाकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शाळेपाशी वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानात तसलीच पितळी शिट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी पडवीत त्याने गवसणीच्या आत डोकं घातलं. अंधारात सेमिलिरचा डोळा चमकत होता. आवाज घरात जाऊ नये म्हणून पार्जोनोने शिट्टीवर मूठ धरली आणि फुंकली. एक, लांब, शेडमधल्यासारखी. सेमिलिरने मान तिरकी केली. त्याने पुन्हा फुंकली. रोज सकाळी अंघोळ, किडे, आणि शिट्टी. आतून घोरण्याचा आवाज यायचा आणि पार्जोनोला त्या आवाजावर इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं.

एकदा मुकादमाची बायको डोळे चोळत आली. "पारदादा, कुठे वाजतंय हो हे? मला आपलं वाटलं आमचे हे झोपेत शिट्टी मारायला लागले."

"शाळेतली असेल, बू," पार्जोनो बाईंना म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. शिट्टी तेव्हा त्याच्या काखेत होती.

त्याने हे एकट्या किस्वांतोला सांगितलं. किस्वांतो मुंग्यांची अंडी चाळत होता, त्याने चाळणी खाली ठेवली.

"वेडा झालास का? अरे, स्पर्धा सुरू होते शिट्टीने, संपते शिट्टीने..."

"म्हणूनच."

"तो पक्षी वाया जाईल, पार. जन्माचा वाया जाईल. तू बोटाने भरवलायस त्याला."

"माझा आहे का तो?" पार्जोनोचा आवाज चढला. "सांग ना, माझा आहे? ज्याचा आहे त्याने बघावं! माझ्याच तोंडाचा शब्द धरून त्याने माझं नाक कापलं, बायकोच्या देखत. त्याचं मी गावादेखत कापतो की नाही बघ. जे माझं नाही ते कसं का वाजेना, मला काय त्याचं?"

"मला काय," किस्वांतो म्हणाला. "पण तुझं नशीब तुलाच परत भेटेल असं काही करू नकोस म्हणजे झालं."

पिसं पुरी आली. नवी शेपटी तर पहिलीहून लांब. शामा एकटा असला की हळू आवाजात पुटपुटत गातो. सगळा साठा पूर्ण गळ्याने बाहेर काढतो तो समोर दुसरा नर दिसला की. बास्कोरोच्या घरात दुसरा पक्षी नव्हता. एका सकाळी गवसणी काढल्यावर सेमिलिर पुटपुटायला लागला. रहाट, कॅनरी, शिंपी... आणि शेवटी दोऱ्यासारखी बारीक, लांब शिट्टी. पार्जोनोने डोळे मिटले. त्याच्या काळजात कळ आली, हे खोटं कशाला बोला. गळा इतका गोड होता की ती शिट्टीसुद्धा क्षणभर गोड लागली. मग आतून बास्कोरो ओरडला, "जोन, माझे बूट पुसून ठेव जाता जाता!" आणि ती कळ निघून गेली.

स्पर्धा दक्षिणेच्या मैदानात होती. लोखंडी मांडवाला पिंजरे टांगलेले, मालक दोरीबाहेर, परीक्षक आत हातात झेंड्या घेऊन. नियम सोपा. पंचाची शिट्टी झाली की सुरू, पुन्हा शिट्टी झाली की संपलं. तोवर कुणी दोरीच्या आत पाऊल टाकलं किंवा पिंजऱ्याला हात लावला तर त्याचा पक्षी बाद. बास्कोरो कडक इस्त्रीचा बाटिकचा सदरा घालून आला होता. कारखान्यातली निम्मी माणसं त्याने मुद्दाम बोलावली होती. आणि गळ्यात लाल दोरी. सवयच ती, अंघोळीलाही काढत नसेल. पार्जोनोची नजर तिच्यावर गेली आणि त्याला देवाचे आभार मानावेसे वाटले. हे तर त्याने मागितलंही नव्हतं.

शिट्टी झाली. सगळे पिंजरे गायला लागले. सेमिलिरने समोर दुसरा शामा बघितला, शेपटी उचलली आणि काय गायला! रहाट, कॅनरी, शिंपी, पुन्हा रहाट. परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. एकाने सेमिलिरच्या खाली झेंडी रोवली, मग दुसऱ्याने. बास्कोरोची छाती फुगली. "माझा पक्षी," तो शेजाऱ्याला म्हणाला. "मी तयार केलाय."

आणि फुर्रर्रर्र!

एक, लांब, सुईसारखी. दोरीबाहेरचे मालक आत धावले. कुणी गवसणी घातली, कुणी पिंजरा खाली घेतला. पंच दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "अरे थांबा! कुणी वाजवली? मी नाही वाजवली!" पण तोवर आठ-दहा पिंजरे खाली आले होते, म्हणजे आठ-दहा पक्षी बाद. त्यातले काही लांबून, बंदावांगहून, पहाटे निघून आलेले. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत लाल दोरीवर येऊन थांबल्या.

"हा बघा! याच्या गळ्यात आहे!"

"मी नाही हो! आईशप्पथ!" बास्कोरोने शिट्टी मुठीत लपवली, त्याने तर आणखीच वाईट दिसलं.

"लबाड! स्वतःचा पक्षी वर राहावा म्हणून!" एका दांडग्या मालकाने त्याचा सदरा धरला. एक गुंडी तुटून उडाली. तेवढ्यात वरून पुन्हा फुर्रर्रर्र! सगळे वर बघायला लागले. सेमिलिर चोच वासून, पंख पाडून, समोरच्या शाम्याला पितळी शिट्टी ऐकवत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि कारखान्यातली माणसं! सवयीने त्यांच्या माना खाली गेल्या, मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि असा हशा उठला की भजीवाल्या बाईने झारा टाकून पोट धरलं.

"मुकादमाने पोरगं शिकवलंय!" कुणीतरी ओरडलं.

पार्जोनो हसला नाही. तो फक्त बघत होता. बास्कोरोचा चेहरा कसा पांढरा झाला, मग लाल झाला, त्याला दरवाजापर्यंत कसं ढकलत नेलं, सगळं त्याने डोळे भरून बघितलं. दातकोरणी फेकून गालात हसणारा तो चेहरा आता कसा दिसत होता! त्या रात्री लागली एवढी शांत झोप पार्जोनोला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सोमवारी शेडमध्ये बास्कोरोने शिट्टी तोंडाला लावली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पक्षी बोलला." साठेक माणसं खुसखुसली. त्याने शिट्टी खाली घेतली. दुपारी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्या आठवड्यात लाल दोरी त्याच्या गळ्यातून गेली ती गेलीच. आता चहा संपला की तो टाळी वाजवायचा, तीही हळू. बायका मनमुराद बोलायच्या. पिसं कापणारा म्हातारा तर चक्क गुणगुणायचा.

आणि एका संध्याकाळी मुकादम पार्जोनोच्या ओट्यावर आला. हातात पिंजरा.

"घे," बास्कोरो म्हणाला. नजर वर नव्हती. "तुझा तुला. मला नको हा."

रीतीप्रमाणे पार्जोनोने म्हणायला हवं होतं, छे छे, पाक, तुमच्याकडेच शोभतो. त्याने तसं काही म्हटलं नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि हात पुढे करून पिंजरा घेतला. जसाच्या तसा परत केला शब्द! मुर्तिनी दारात उभी होती आणि या खेपेला ट्रेमधल्या कॉफीचा एक कप तिने स्वतःच उचलून प्यायला. मुकादमाला विचारलंही नाही.

रविवार आला. पार्जोनो उजाडताना उठला, लुंगी गुडघ्यापर्यंत ओढून ओट्यावर मांडी घालून बसला. आढ्याला पिंजरा, शेजारी काळी कॉफी, सगळं पहिल्यासारखं. त्याने गवसणी काढली. सेमिलिरने त्याला ओळखून पंख थरथरवले. रहाट गायला, कॅनरी गायला. पार्जोनोचे खांदे खाली यायला लागले. समोरच्या घराच्या ओट्यावर कुणीतरी नवा शामा टांगला होता. सेमिलिरला तो दिसला.

फुर्रर्रर्र!

कॉफी लुंगीवर सांडली. पार्जोनो उभा राहिला होता. मान खाली, आणि दोन्ही हात पुढे, बोटं पीस धरल्यासारखी चिमटीत. पाय आपणहून दाराकडे वळले होते. मुर्तिनी आतून धावत आली आणि त्याला तसं बघून तिथेच थांबली.

"काय झालं?"

तो हळूहळू खाली बसला. सेमिलिरने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, पडवीतल्या अंधारात बघायचा तशीच, शाबासकी मागत असल्यासारखी, आणि पुन्हा फुंकली. गल्लीच्या टोकाला किस्वांतो अंड्यांची टोपली घेऊन येत होता. तो हसला नाही, टोपली तशीच धरून उभा राहिला.

आता कारखान्यात शिट्टी वाजत नाही. सगळ्या सेरेंगानमध्ये ती एकाच ठिकाणी वाजते. पक्षी कुणी फुकटही नेत नाही. आलेल्या पाहुण्याने तारीफ करावी म्हणून पार्जोनो आशेने बघत बसतो, आवडला असेल तर घेऊन जा ना म्हणतो, खरंच मनापासून म्हणतो. आणि येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे हात जोडून सांगतो, छे छे, तुझ्याकडेच शोभतो.